चार बिंदूंवरून चौकोनाची ओळख

दहावीच्या भूमितींत निर्देशकांचें प्रकरण आलें म्हणजे एक प्रश्न हटकून भेटतो. चार बिंदूंचे निर्देशक दिलेले असतात, आणि ते क्रमानें जोडले असतां होणारा चौकोन कोणत्या प्रकारचा आहे तें सांगावयाचें असतें. पुष्कळ विद्यार्थी काय करितात, तर चौकटीच्या कागदावर चार ठिपके मांडून ते पट्टीनें जोडतात, क्षणभर आकृतीकडे पाहतात आणि नांव लिहून मोकळे होतात. गणित मागाहून येतें, आणि तेंहि ठरून गेलेल्या नांवास टेकू म्हणून. ही रीति आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ती कां पसंत नाहीं हें दोन आकृतींवरून दाखवितां येईल.

पहिली आकृति (५, १), (९, ५), (५, ९) आणि (१, ५) ह्या बिंदूंची. कागदावर ती एका कोपऱ्यावर तोल सांभाळून उभी राहते. वर्गांत ती फळ्यावर काढली कीं बहुतेक मुलें तिला शंकरपाळा म्हणतात आणि उत्तरांत समभुज चौकोन असें लिहितात. वास्तविक तो चोख चौरस आहे. फळ्याकडे मान कलती करून पाहिलें कीं लगेच पटतें. दुसरी आकृति (०, ०), (१८, १), (१९, १९) आणि (१, १८) ह्या बिंदूंची. ही मात्र ऐसपैस बसलेली, दिसावयास अगदीं चौरस. चारी बाजू मोजल्या तर त्याहि समान भरतात, कारण प्रत्येक बाजूचा वर्ग ३२५ येतो. पण कर्ण काढून पाहावेत, तर एकाचा वर्ग ७२२ आणि दुसऱ्याचा ५७८. चौरसाचे दोन कर्ण सारखे असतात. अर्थात् हा चौरस नव्हे, किंचित् कलंडलेला समभुज चौकोन आहे. पहिल्या आकृतींत डोळा ती कशी ठेविली आहे ह्याला भुलला. दुसरींत तो थोडक्या फरकाला भुलला.

आतां कोणी म्हणेल कीं, नांव चुकलें तर परीक्षेंतील एखाददुसरा गुण जाईल, ह्यापलीकडे बिघडावयाचें तें काय? ह्याचें उत्तर हवें असेल तर सारख्या लांबीच्या बांबूच्या चार काठ्या घ्याव्या आणि त्यांचीं टोकें सुतळीनें बांधून चौकट करावी. तिच्या एका कोपऱ्यास हळूच ढकललें कीं ती कलंडते. काठी तुटत नाहीं, लांबीहि कमी होत नाहीं, परंतु आंतील जागा कमी कमी होत जाते, आणि शेवटीं काठ्या एकमेकींवर पडून जागा मुळीं उरतच नाहीं. तीन काठ्यांचा त्रिकोण असा हलत नाहीं, आणि म्हणूनच छपराच्या कैचींत सुतार त्रिकोण घालतो. चौकोनाचें तसें नाहीं. चार बाजू ठाऊक झाल्या म्हणजे चौकोन ठाऊक झाला असें होत नाहीं.

ही गोष्ट आपल्याकडे भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतींत आंकड्यांनिशीं मांडून ठेविली आहे. (ह्याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, तेव्हां आमच्या वाचकांस ते कोणी दूरचे वाटूं नयेत.) प्रत्येक बाजू २५ असा चौकोन घ्या. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५ होतें. त्याचा एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६०० भरतें. एक कर्ण १४ असेल तर दुसरा ४८ होतो, आणि क्षेत्रफळ अवघें ३३६! बाजू तिन्ही वेळां त्याच. म्हणून कर्ण किंवा लंब ह्यांपैकीं एकहि न सांगतां चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर, आणि तसें विचारलें असतां उत्तर देऊं पाहणाऱ्यावर, आचार्य चांगलेच संतापले आहेत. एरवीं लीलावती किती गोड भाषेंत लिहिली आहे हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या रागाचें वजन कळेल.

आणि हा प्रश्न केवळ पोथींतला नाहीं. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. चारी बाजू ३३ फूट भरल्या म्हणजे गुंठा पुरा झाला, असें समजून जो पैसे मोजील त्यानें एक तरी कर्ण मोजला नसेल, तर आपण किती जमीन घेतली हें त्याचें त्यालाहि सांगतां येणार नाहीं.

डोळ्यावर भरंवसा नाहीं, बाजूंवर भागत नाहीं. मग धरावयाचें काय? येथें निर्देशक उपयोगी पडतात. बिंदूचें स्थान दोन संख्यांनीं सांगावें आणि भूमितीचे प्रश्न बीजगणितानें सोडवावेत ही रीति फ्रान्समधील देकार्त ह्याच्या १६३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथानें रूढ झाली. त्याच सुमारास त्याचाच देशबंधु फर्मा हाहि स्वतंत्रपणें त्याच वाटेनें गेला होता. आरंभबिंदूपासून उजवीकडे किती गेलों ती पहिली संख्या, तिला भुज म्हणतात. वर किती गेलों ती दुसरी, ती कोटि. डावीकडे किंवा खालीं गेलों तर संख्या ऋण. इतकें कबूल केलें म्हणजे आकृतीचा प्रत्येक गुण संख्यांत उतरतो. दोन बिंदूंच्या भुजांतील फरकाचा वर्ग आणि कोटींतील फरकाचा वर्ग ह्यांची बेरीज म्हणजे अंतराचा वर्ग. हा तर काटकोन त्रिकोणाचा जुनाच सिद्धांत. कोटींतील फरकास भुजांतील फरकानें भागलें कीं रेषेचा चढ मिळतो, आणि ज्या रेषांचे चढ सारखे त्या समांतर. दोन भुजांच्या बेरजेचें अर्धें व दोन कोटींच्या बेरजेचें अर्धें घेतलें कीं मध्यबिंदु. एवढींच तीन हत्यारें.

हत्यारें तीन असलीं तरी तीं कोणत्या क्रमानें उचलावीं ह्यांत खरें चातुर्य आहे. पुष्कळ पुस्तकांतून चारी बाजूंची लांबी व चारी बाजूंचे चढ काढावयास सांगतात. त्यानें उत्तर येतें, नाहीं असें नाहीं. पण श्रम फार पडतात, आणि उभ्या रेषेपाशीं गाडें अडतें. उभ्या रेषेवर दोन्ही भुज सारखेच असल्यामुळें फरक शून्य होतो, आणि शून्यानें भागतां येत नाहीं. अशा ठिकाणीं 'चढ शून्य' असें लिहिणारे विद्यार्थी दरवर्षीं आढळतात. चढ शून्य असतो तो आडव्या रेषेचा. उभ्या रेषेस चढ ही संख्याच नाहीं.

आमच्या मतें प्रथम कर्णांचे मध्यबिंदु पाहावेत. चौकोन अबकड असेल तर अ आणि क समोरासमोरचे, ब आणि ड समोरासमोरचे. अ व क ह्यांच्या भुजांची बेरीज ब व ड ह्यांच्या भुजांच्या बेरजेइतकी आहे काय, आणि कोटींचेंहि तसेंच आहे काय, एवढेंच पाहावयाचें. अर्धें करण्याचीहि गरज नाहीं. दोन्ही बेरजा जुळल्या तर चौकोन समांतरभुज आहे. एक जरी जुळली नाहीं तरी तो समांतरभुज नव्हे, आणि मग तो आयत, समभुज चौकोन किंवा चौरस असण्याची गोष्टच नको. तोंडीं करतां येण्याजोग्या दोन बेरजांनीं चौकोनांचें घराणें दोन शाखांत विभागलें जातें.

असें कां होतें हें समजणें कठीण नाहीं. अ व क ह्यांची बेरीज ब व ड ह्यांच्या बेरजेइतकी असेल, तर बमधून अ वजा केला असतां जें उरतें तेंच कमधून ड वजा केला असतां उरतें. म्हणजे अपासून बपर्यंत जावयास जितकें उजवीकडे व जितकें वर जावें लागतें, तितकेंच डपासून कपर्यंत जावें लागतें. तेव्हां अब आणि डक ह्या बाजू समान तर आहेतच, शिवाय समांतरहि आहेत. समोरासमोरच्या दोन बाजू समान व समांतर असल्या कीं चौकोन समांतरभुज, हें विद्यार्थी खालच्या इयत्तेंतच शिकले आहेत.

उदाहरणार्थ (१, १), (७, ३), (९, ८), (३, ६). भुज १ व ९ मिळून १०, ७ व ३ मिळून १०. कोटि १ व ८ मिळून ९, ३ व ६ मिळून ९. बेरजा जुळल्या, समांतरभुज ठरला. आतां दोन्ही कर्णांचे वर्ग काढावे. पहिल्या कर्णांत फरक ८ व ७, म्हणून ६४ आणि ४९ मिळून ११३. दुसऱ्यांत फरक ४ व ३, म्हणून १६ आणि ९ मिळून २५. कर्ण असमान, तेव्हां आयत नाहीं. लगतच्या दोन बाजूंचे वर्ग ४० व २९. तेव्हां समभुजहि नाहीं. हा नुसता समांतरभुज चौकोन, आणि तेंच त्याचें पुरें नांव.

(३, १), (९, ४), (७, ८), (१, ५) हा चौकोन घेतला तर भुजांच्या बेरजा १० व १०, कोटींच्या ९ व ९. कर्णांचे वर्ग १६ अधिक ४९ म्हणजे ६५, आणि ६४ अधिक १ म्हणजे ६५. कर्ण समान, म्हणून हा आयत. बाजूंचे वर्ग ४५ व २० असल्यामुळें चौरस मात्र नव्हे. ह्या आकृतीची एकहि बाजू कागदाच्या रेघांशीं समांतर नाहीं, आणि डोळा अशा वेळीं हमखास कचरतो. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या आमच्या पहिल्या आकृतीचा हिशेब तर याहूनहि सोपा आहे: बेरजा सगळ्या १०, कर्ण दोन्ही ८, बाजूंचे वर्ग सर्व ३२. कर्ण समान म्हणून आयत, बाजू समान म्हणून समभुज. आणि जो आयतहि आहे व समभुजहि आहे तोच चौरस.

येथें एका गोष्टीवर आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. सुतार दाराची चौकट जोडतांना ती काटकोनांत बसली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गुण्या लावतोच, शिवाय दोन्ही कर्ण टेपनें मोजून पाहतो, आणि ते सारखे भरले कीं निश्चिंत होतो. त्याची ही परीक्षा बिनचूक आहे. ती पाहून 'कर्ण समान म्हणजे आयत' असा नियम विद्यार्थी मनांत बांधून घेतात, तो मात्र बिनचूक नाहीं. सुतारानें समोरासमोरच्या फळ्या आधींच सारख्या कापलेल्या असतात. त्याची चौकट जोडली तेव्हांच समांतरभुज झालेली असते, आणि उरलेला प्रश्न फक्त कलंडण्याचा असतो. समांतरभुज चौकोनांत कर्ण समान झाले तर अबक व बअड हे त्रिकोण तिन्ही बाजूंनीं समान होतात, त्यामुळें ब व अ येथील कोन सारखे ठरतात, आणि त्यांची बेरीज दोन काटकोन असल्यामुळें प्रत्येक कोन काटकोन होतो. ह्या युक्तिवादांतून समांतरभुज हा शब्द काढून टाकला तर तो उभाच राहत नाहीं.

ह्याचा पुरावा पाहावयाचा असेल तर (१, १), (९, ५), (६, ६), (२, ४) हे बिंदु घ्या. कर्णांचे वर्ग: २५ आणि २५ मिळून ५०; ४९ आणि १ मिळून ५०. कर्ण अगदीं समान. पण भुजांच्या बेरजा ७ व ११ येतात. हा समांतरभुजच नव्हे, मग आयत कोठला! पहिल्या बाजूंत भुजांचा फरक ८ व कोटींचा ४, तिच्या समोरच्या बाजूंत ४ व २. दोहींचा चढ एक-द्वितीयांश, तेव्हां ही एक जोडी समांतर आहे. उरलेल्या दोन बाजूंचे चढ ३ आणि उणें एक-तृतीयांश, म्हणजे ती जोडी समांतर नाहीं; पण त्यांचे वर्ग मात्र दोन्ही १० आहेत. हा समद्विभुज समलंब चौकोन झाला. समोरासमोरच्या फळ्या न मोजतां केवळ कर्ण मोजून जो सुतार हा चौकोन पास करील, त्याच्या चौकटींत दार कधींच बसणार नाहीं.

बेरजा न जुळल्यास पुढची परीक्षा ही अशी: समोरासमोरच्या बाजूंची एखादी जोडी समांतर आहे काय? असेल तर समलंब. भागाकार नको असेल, किंवा रेषा उभी असेल, तर फरकांचा तिरपा गुणाकार करावा. वरील उदाहरणांत ८ गुणिले २ आणि ४ गुणिले ४ दोन्ही १६ येतात, म्हणून समांतर. येथें शून्याची भीति उरत नाहीं.

समांतर जोडी नसेल तर पतंग आहे काय तें पाहावें. (१, १), (६, २), (८, ८), (२, ६) ह्या चौकोनाच्या बाजूंचे वर्ग क्रमानें २६, ४०, ४०, २६ येतात. लगतच्या दोन बाजू समान, उरलेल्या लगतच्या दोन समान, हा पतंग. त्याचे कर्ण एकमेकांस लंब असतात खरे, परंतु लंब कर्ण पाहून पतंग म्हणण्याची घाई करूं नये. (१, ४), (३, १), (९, ४), (३, ६) येथें एक कर्ण आडवा आहे व दुसरा उभा, म्हणजे लंब आहेतच; पण बाजूंचे वर्ग १३, ४५, ४०, ८ असे चौघे चार दिशांचे. हा कोणत्याच विशेष जातींत बसत नाहीं, आणि तसें लिहिणें हेंच त्याचें बरोबर उत्तर होय. प्रत्येक चौकोनास भारी नांव असलेंच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं.

नांवांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. चौरस हा आयत आहे काय, ह्या प्रश्नावर घरींदारीं वाद होतात, आणि त्यांत वडील मंडळी पुष्कळदां 'नाहीं' ह्या बाजूस असतात. त्यांच्या पाठीशीं मोठा आधार आहे: युक्लिडनें आपल्या पहिल्या पुस्तकांतील व्याख्यांत आयत म्हणजे काटकोन असलेला पण समभुज नसलेला चौकोन असेंच म्हटलें आहे. हल्लींच्या व्याख्येंत ही 'पण' नाहीं. ज्याचे चारी कोन काटकोन तो आयत. म्हणून प्रत्येक चौरस आयत आहे, प्रत्येक चौरस समभुजहि आहे, आणि हे सर्व समांतरभुज आहेत. आम्हांस नवी व्याख्या अधिक सोयीची वाटते, कारण आयताविषयीं जें एकदां सिद्ध केलें तें चौरसाविषयीं पुनः सिद्ध करावें लागत नाहीं. उत्तर लिहितांना मात्र आकृतीस लागू पडणारें सर्वांत नेमकें नांव द्यावें. चौरसास 'समांतरभुज चौकोन' म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. इंग्रजी पुस्तकें वाचणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या समलंब चौकोनास इंग्लंडांत ट्रॅपेझियम म्हणतात, तर अमेरिकेंत ट्रॅपेझॉइड.

बिंदूंच्या क्रमाविषयींहि सावध असावें. प्रश्नांत बिंदु कडेकडेनें, एका दिशेनें फिरत दिलेले असतील तरच पहिला व तिसरा समोरासमोरचे ठरतात. क्रम सांगितलेला नसेल तर कच्ची आकृति काढून तो ठरवावा. डोळ्याचा एवढा उपयोग आम्हांस मान्य आहे. वरील आयताचेच बिंदु (३, १), (७, ८), (९, ४), (१, ५) अशा क्रमानें जोडले तर दोन बाजू एकमेकींस छेदतात आणि चौकोनाच्या जागीं डमरू तयार होतो. तसेंच कोणतेहि तीन बिंदु एका रेषेंत आल्यास चौकोनच होत नाहीं.

आतां ज्यांना हें पुस्तकाबाहेर करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं. परसांतील किंवा विकत घ्यावयाच्या जागेच्या एका बाजूवर दोरी ताणावी. तो आपला आडवा अक्ष. दोरीचा एक कोपरा आरंभबिंदु. समोरच्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोरीवर लंब टाकावा, आणि काटकोन पाहण्यास मोठा गुण्या नसेल तर ३, ४ व ५ फुटांवर गांठी मारलेल्या दोरीचा त्रिकोण वापरावा. लंबाचा पाय आरंभबिंदूपासून किती फुटांवर पडला तो भुज, लंबाची लांबी ती कोटि. समजा, मोजणी अशी आली: (०, ०), (४१, ०), (५०, ४०), (९, ४०). विकणारा सांगतो कीं, चारी बाजू ४१ फूट आहेत, आणि तें खरेंहि आहे, कारण ९ आणि ४० ह्यांच्या वर्गांची बेरीज १६८१ म्हणजे ४१ चा वर्गच होय. त्यावरून तो क्षेत्रफळहि १६८१ चौरस फूट धरतो. भुजांच्या बेरजा ५० व ५०, कोटींच्या ४० व ४०, समांतरभुज. कर्णांचे वर्ग ४१०० आणि २६२४; आयत नव्हे. अर्थात् हा समभुज चौकोन, आणि त्याचें क्षेत्रफळ पाया गुणिले उंची, म्हणजे ४१ गुणिले ४०, अर्थात् १६४० चौरस फूट. कागदावर मांडलेल्या भावापेक्षां ४१ चौरस फूट जमीन कमी आहे, म्हणजे एक फूट रुंदीची पट्टी एका बाजूच्या सबंध लांबीइतकी.